मदत हवी आहे: सँडविचवाल्यासारखी हिरवी चटणी (तातडीचे)

घोडबंदरवाली
मंडळी, पटकन सांगा. टोस्ट सँडविचवाल्याकडे असते तशी हिरवी चटणी कशी करतात? कोथिंबीर-पुदिना-मिरची-आलं हे मला माहीत आहे, तेवढंच सांगायला कृपया येऊ नका. माझी चटणी बघता बघता काळपट होते, पाणी सुटतं आणि पावाचा लगदा होतो. त्याची रात्री गाडी बंद करेपर्यंत हिरवीगार. शुक्रवारी ट्रक येतोय, घरात पाय ठेवायला जागा नाही, डोक्याला नुसता ताप आहे. रोज संध्याकाळी खाली जाऊन त्याच्याकडे एक टोस्ट खाते, तेवढा वेळ बरं वाटतं. जाण्याआधी ही चटणी मला जमायलाच हवी.

नौपाडाकर
कुठे चाललात ते लिहिलंच नाहीत. आणि टोस्ट कुठला, मसाला की व्हेज? मसाला टोस्टमध्ये बटाट्याची भाजी असते, ती कोरडी. व्हेजमध्ये काकडी-टोमॅटो स्वतःच पाणी सोडतात, त्यात चटणीचा काय दोष? लोणी दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लावता का? लोणी म्हणजे पावाचा रेनकोट. मधोमध एक फराटा मारून भागत नाही.

चुलीपुढे
वाटताना मूठभर डाळं घाला, म्हणजे पाणी वेगळं होत नाही. साधं पाणी नको, बर्फाचे खडे घाला. मिक्सरचं भांडं तापतं आणि कोथिंबीर तिथेच काळी पडायला लागते. लिंबूही वाटतानाच पिळा. आमच्याकडे वर्षानुवर्षं अशीच होते, रंगाला काही होत नाही.

अर्धा_केमिस्ट
बर्फ आणि डाळं, दोन्हीला अनुमोदन. लिंबाचं मात्र अर्धंच बरोबर आहे. पानं चिरली-वाटली की त्यांतली एन्झाइम्स हवेतल्या ऑक्सिजनबरोबर कामाला लागतात, म्हणून चटणी काळवंडते. लिंबाने ते मंदावतं, हे खरं. पण आम्लामुळे क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग हळूहळू मळकट, ऑलिव्हसारखा होतो. तेव्हा खाण्याआधी लागेल तेवढ्याच चटणीत लिंबू पिळा.

चुलीपुढे
मॅग्नेशियम बघत बसलात तर टोस्ट गार होईल हो. लिंबाशिवाय वाटलेली चटणी एकदा खाऊन बघा, गवत लागते.

अर्धा_केमिस्ट
चवीबद्दल बोललोच नाही मी. धागाकर्तीने रंगाचं विचारलंय.

फक्त_मिसळ
ठाण्यात राहून शेवटच्या आठवड्यात सँडविच?? मामलेदारला जा, तिखट मिसळ मागवा. ठाणं सोडताना डोळ्यांत पाणी यायचंच असेल तर निदान सत्कारणी लागेल.

बेलापुरी
सँडविच खावं तर वाशीत. ठाण्याचे सँडविचवाले बीट घालायला कंजुषी करतात.

नौपाडाकर
@बेलापुरी, हे नवीनच ऐकतोय. वाशीत काकडी एवढी पातळ कापतात की तिच्यातून खाडीपूल दिसतो. असो. घोडबंदरवाली, कुठे जाताय ते सांगा की.

नियमावर_बोट
परराज्यात जात असाल तर गाडीचं आधी बघा. एमएच-०४ ची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या आरटीओची ना हरकत लागते. कर्ज असेल तर बँकेचंही पत्र लागतं. लोक नेमकं हेच विसरतात आणि मग हेलपाटे घालतात.

घोडबंदरवाली
माझ्याकडे गाडीच नाही.
कोइमतूरला चाललोय. अहो पुढे गेलेत, मी आणि सासूबाई सामान रवाना करून ट्रेनने. मसाला टोस्ट खाते, वर शेव आणि जास्तीची चटणी. लोणी कडेपर्यंत लावते. बर्फाचं पटलं. पण मिक्सर कालच बांधला, पॅकर्सवाल्यांनी त्यावर इतकी चिकटपट्टी मारली आहे की आता तो तिकडेच उघडेल.

चुलीपुढे
अगं मग इतका वेळ आम्ही वाटण कशात सांगतोय?

आजीचा_पाटा
पाट्यावर वाटा. मिक्सरमध्ये पानं कापली जातात, पाट्यावर ठेचली जातात. चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

नौपाडाकर
घर बदलताना कुणी पाटा-वरवंटा विकत घेऊन बसेल का? ट्रकवाला वजन बघून पळून जाईल. शेजारचा मिक्सर मागा, विषय संपवा. कोइमतूरला कोथिंबीर-पुदिन्याची काय ददात?

घोडबंदरवाली
शेजारच्या काकूंचा मिक्सर मिळेल. करून सोबतच नेता येईल का? हातात धरायचा टोस्टरही घेऊन ठेवलाय, लांब दांड्यांचा, त्याच्याकडे असतो तसाच. तिथे गॅस मिळेपर्यंत इंडक्शन आहे.

अर्धा_केमिस्ट
तो टोस्टर ॲल्युमिनियमचा असणार. इंडक्शनवर ढिम्म हलणार नाही, लोहचुंबक चिकटतं तेच भांडं तापतं. तोवर बिडाच्या तव्यावर सँडविच ठेवा, वरून पाण्याने भरलेलं जड पातेलं दाबून ठेवा, आच मंद. चौकोनी ठसा उठणार नाही, पण कुरकुरीत होईल.

हुबळीला_गेलेली
ठाणं सोडून गेलेली आहे म्हणून लिहिते. चटणी नेऊ नका. दीड दिवसाचा प्रवास, डब्यातला उकाडा, आणि कच्चं वाटण. आंबणारच. फ्रिज असता तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून महिनाभर वापरता आली असती, पण तुमचा फ्रिज ट्रकमध्ये. (तो आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा करा, नाहीतर आतलं पाणी गाद्यांवर सांडतं.)

त्यापेक्षा वर भुरभुरतात तो मसाला न्या. जिरं भाजून, मिरी, थोडी बडीशेप, दालचिनीचा तुकडा, आमचूर आणि काळं मीठ, सगळं बारीक दळून घट्ट झाकणाच्या बाटलीत. मला तिकडे गेल्यावर चटणी लगेच जमली होती, तरी टोस्ट काही तसा लागेना. या मसाल्याने लागला. पहिले काही दिवस स्वयंपाकघर लागेपर्यंत आमचं रात्रीचं जेवण तेच होतं. बटाटे उकडायचे, पाव भाजायचा, वर हा मसाला. सासूबाईंना चालेल ना?

फक्त_मिसळ
हुबळीला मिसळ मिळते का?

नियमावर_बोट
पाइपचा गॅस असेल तर तोडून घेतल्याची नोंद आणि शेवटचं बिल जपून ठेवा, अनामत परत मागताना लागतं. सिलिंडर असेल तर रेग्युलेटरसकट एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. सिलिंडर ट्रकमध्ये चढवू देऊ नका. सोसायटीची ना हरकत घेतलीत का? लिफ्टची वेळ?

घोडबंदरवाली
@नियमावर_बोट, लिफ्टची वेळ सकाळी दहा ते एक मिळाली आहे, धन्यवाद, बाकीचंही बघते.
@हुबळीला_गेलेली, सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त आवडतो, पण त्या कांदा काढायला लावतात.

आज त्यालाच विचारलं. एवढे दिवस संकोच वाटत होता, धंद्याची गोष्ट कशी विचारायची म्हणून. तो हसला आणि चटणीच्या डब्याचं झाकणच उघडलं. स्टीलचा डबा, खाली परातीत बर्फ. टोस्टरच्या बाहेर आलेल्या पावाच्या कडा तो सुरीने सपकन कापतो ना, त्या फेकत नाही. बाजूच्या पिशवीत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी चटणीत वाटतो. घट्टपणा त्याचा. डाळं घालत नाही म्हणाला. लिंबू थोडंच, तेही शेवटी. आणि रंगासाठी पालकाची चार पानं!

चुलीपुढे
पालक? ही तर शुद्ध फसवणूक.

अर्धा_केमिस्ट
लिंबू शेवटी. एवढंच नोंदवतो.

चुलीपुढे
"थोडंच" हा शब्दही नोंदवा.

आजीचा_पाटा
कडा घातलेली चटणी दुसऱ्या दिवशी आंबूस लागते. रोजची रोज करा.

हुबळीला_गेलेली
मसाल्याचं विचारलंत का त्याला?

घोडबंदरवाली
विचारलं. तो बाजारातून तयार आणतो आणि त्यात वेगळं काळं मीठ मिसळतो. कागदाच्या पुडीत बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. पुडी पर्समध्ये ठेवली आहे, ट्रकवर विश्वास नाही. आता काकूंकडे जाऊन कडा घालून थोडी चटणी करून बघते.

बेलापुरी
हा नेमका कुठे उभा राहतो? शनिवारी ठाण्याला येणं आहे. बीट किती घालतो तेही बघतो.

घोडबंदरवाली
मानपाड्याला, सर्व्हिस रोडवर, औषधांच्या दुकानासमोर. साडेसहानंतर जा, त्याआधी शेगडी पेटलेली नसते. आणि सुटे पैसे न्या.