प्रायमिंग आणि ब्लीडिंग: दोन्ही ‘हवा काढणे’च का?

रेघोटी
जड ट्रकच्या डिझेल इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेचं भाषांतर करतेय. फिल्टर बदलल्यावर किंवा पंप उतरवून परत बसवल्यावर काय करायचं, त्या पानावर अडलेय. मुळात दोन वेगळी शीर्षकं आहेत, प्रायमिंग (रिकाम्या पंपात-नळ्यांत इंधन आणणं) आणि ब्लीडिंग (अडकलेली हवा स्क्रू सैल करून बाहेर सोडणं). मी दोन्हीकडे ‘हवा काढणे’ लिहिलं. तपासणाऱ्याचा शेरा आला, ‘एकच काम दोनदा का?’ पहिल्यासाठी शब्द सुचवा. इंग्रजी शब्द कमीत कमी ठेवायचेत.

काळा धूर
गॅरेजात दोन्हीला ‘एअर काढणे’. गाडीने एअर धरली, एअर काढ. ब्लीड स्क्रू सैल करायचा, फिल्टरवरचा हँडपंप मारायचा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, नाहीतर हवा परत आत. मग सेल्फ मारायचा. शीर्षक कोण वाचतंय!

अनुस्वार
‘एअर धरली’. हवा स्त्रीलिंगी म्हणून एअरही स्त्रीलिंगी झाली. म्हणजे डोक्यात शब्द हवाच आहे, मग तोंडात यायला काय हरकत? आणि ‘सेल्फ मारणे’ हे काय? स्वतःला मारणे?

काळा धूर
सेल्फ-स्टार्टर हो. ‘स्वयंप्रारंभक मारा’ म्हटलं तर पोरगं पान्हा टाकून पळेल.

अनुस्वार
पाना. पान्हा गाईला फुटतो.

गळका व्हॉल्व्ह
विहिरीवरच्या पंपातलं पाणी उतरून गेलं की आम्ही वरून पाणी ओतून ‘पंप भरून घेतो’. हेच प्रायमिंग. ‘इंधन भरून घेणे’ लिहा की.

रेघोटी
तोही विचार केला होता. पण ‘इंधन भरणे’ वाचून माणूस टाकीकडे बघेल.

काळा धूर
टाकीकडे गेला तर बरंच. फिल्टर भरेल ही भीती. मी शिकाऊ असताना नवा फिल्टर हौसेने मधल्या भोकातून डिझेल ओतून काठोकाठ भरला आणि बसवला. मधलं भोक म्हणजे गाळून झालेली बाजू. माझ्या बादलीतला सगळा कचरा न गाळता थेट पंपात. महिन्याच्या आत नोझल (इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोट्या) उतरवावे लागले, उस्तादांनी काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कित्येक पुस्तिकांत स्पष्ट असतं, फिल्टर कोरडाच बसवा, हँडपंपाने भरू द्या. तुम्ही ‘भरून घ्या’ लिहिलंत की माझ्यासारखा कोणीतरी बादली घेऊन येणार.

ठासणी
मराठीत तयार शब्द आहे, रंजक! तोफेच्या कानावर, म्हणजे मागच्या भोकावर, बत्ती द्यायच्या आधी ठेवायची बारीक दारू. इंग्रजीत बंदुकीच्या त्या कामालाही प्राइम करणंच म्हणतात. ‘रंजक भरणे’ करा.

गळका व्हॉल्व्ह
‘इंजिनाची रंजक भरा.’ रंजक पुस्तिका होईल.

दुभती
रंजकेपेक्षा पान्हा बरा. चेष्टा नाही. वासरू लावलं की गाय पान्हवते, मग धार लागते. हँडपंप म्हणजे वासरू. ‘पंप पान्हवून घ्या.’ एका शब्दात आलं की नाही?

अनुस्वार
वा! संस्कृत प्रस्नव, प्राकृत पण्हव, मराठी पान्हा. शंभर टक्के आपला.

काळा धूर
गाय आपणहून पान्हवते, पंप नाही. जुन्या इंजिनात नोझलची सुई उघडायला दोनशे बारच्या आगेमागे दाब लागतो. नळीत हवा असली की पंपाचा धक्का हवा दाबण्यातच जिरतो, सुई हलतही नाही. कितीही सेल्फ मारा. बॅटरी बसते आणि सेल्फ जळतो तो वेगळाच. सलग ३० सेकंदांच्या वर मारू नये, मग दोन मिनिटं थांबावं.

ठासणी
गंमत म्हणजे डीझेलसाहेबांच्या १८९७ सालच्या इंजिनात इंधन आत फवारायलाच दाबलेली हवा वापरायचे. आज तीच हवा शत्रू.

रेघोटी
मंडळी, प्रायमिंग. बऱ्याच नव्या गाड्यांत विजेचा पंप असतो. किल्ली फिरवून थांबायचं, हवा परतीच्या नळीने आपोआप टाकीत. एकही स्क्रू सैल करायचा नाही. तिथे प्रायमिंग आहे, ब्लीडिंग नाही. म्हणून दोन शब्द लागतातच.

काळा धूर
हे खरं. आणि कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना, म्हणजे नोझलांना, एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून इंधन) असेल तर ‘हवा काढा’ लिहूच नका. जुना हात लगेच इंजेक्टरचे नट सैल करायला जातो. तिथे हजार-दीड हजार बार आणि वर. ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

अनुस्वार
म्हणजे ‘पान्हवणे’च निर्धोक. कोणी काही सैल करणार नाही, कोणी बादली आणणार नाही.

काळा धूर
कोणाला कळणारही नाही.

गळका व्हॉल्व्ह
बाय द वे, पाना हा शब्द स्पॅनरवरून ना? पुढचा स् गळला.

अनुस्वार
तसा गळत नाही. स्टेशनचं ठेसन होतं, स्कूलचं इस्कूल. स्पॅनरचं पॅनर झालेलं मी तरी ऐकलं नाही.

दुभती
ठेसनात पुढचा स् गळलाच की.

रेघोटी
पुस्तिका पाठवली. ‘प्रायमिंग’ तसंच ठेवलं, खाली एक ओळ टाकली: ‘हँडपंप किंवा विजेच्या पंपाने इंधन पुढे खेचून घेणे, फिल्टर हाताने भरू नये.’ शीर्षकं सुटली. आता नवा शेरा आलाय: ‘पान ४१, पाना की पान्हा?’

अनुस्वार
पाना. पण तो स्पॅनरवरून आला हे मी मान्य केलेलं नाही.