पॉक्सोखाली पोलिसांना माहिती दिल्यावर संस्थेची नोटीस : नोकरीला संरक्षण कोणते?

सहशिक्षिका_अनुदानित :
मी एका खाजगी अनुदानित शाळेत कायम सहशिक्षिका आहे. सहावीतील एका मुलीने शाळेतीलच एका कर्मचाऱ्याच्या वर्तनाबद्दल आधी सफाईकाम करणाऱ्या मावशींना आणि मग मला सांगितले. मुख्याध्यापकांचे म्हणणे होते की आधी संस्थेच्या बैठकीत विषय ठेवू. मला थांबणे योग्य वाटले नाही, म्हणून मुलीच्या आईला सोबत घेऊन मी पोलीस ठाण्यात माहिती दिली. आता ‘परवानगीवाचून बाहेर तक्रार करून संस्थेची बदनामी केली’ अशी कारणे दाखवा नोटीस माझ्या हाती आहे, राजीनाम्याचा तोंडी आग्रह सुरू आहे, आणि ठेकेदाराकडून आलेल्या मावशींना कामावरून बंद केले आहे. कायदा आमच्या बाजूने कितपत उभा राहतो?

वकील_जिल्हा_न्यायालय :
मॅडम, आपण केले ते कायद्याने आपल्यावर टाकलेले कर्तव्यच होते. पॉक्सो कायदा, २०१२ (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) याच्या कलम १९(१) नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची असते आणि त्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही. माहिती दडवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहातील मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांविरुद्धचा माहिती न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा कायम केला. बदलापूरमध्ये २०२४ साली शाळेच्या व्यवस्थापनावरही याच कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला.

कलम १९(७) प्रमाणे सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. परंतु ‘अशा कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही’ असे वाक्य त्या कायद्यात नाही, आणि ही उणीव मला फार गंभीर वाटते, कारण धाक दाखवणारे व्यवस्थापन नेमके पगारावरच बोट ठेवते. नोकरीचे संरक्षण आपल्याला सेवाकायद्यातून मिळवावे लागेल. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा आपल्याला लागू आहे. १९८१ च्या नियमांप्रमाणे रीतसर चौकशी केल्याशिवाय कायम कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. तसा आदेश निघालाच, तर १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ खाली तो मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करा. न्यायाधिकरण पुनर्नियुक्ती आणि थकीत वेतन, दोन्ही देऊ शकते.

निवृत्त_मुख्याध्यापक :
बाई, नोटिशीला मुदतीत आणि थोडक्यात उत्तर द्या. ‘पॉक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये मी अमुक तारखेला अमुक पोलीस ठाण्यात माहिती दिली असून ती देणे माझ्यावर बंधनकारक होते’ इतके पुरे. मुलीचे नाव, तुकडी, पालकांचे नाव यांपैकी काहीही त्यात लिहू नका, कारण तो कागद संस्थेत अनेकांच्या हातांतून फिरतो. पोलिसांनी आपली माहिती लिहून घेताना नोंद क्रमांक द्यायचा असतो. तो घेतला नसेल तर आजच घ्या. उत्तराची पोच शिक्क्यासह घ्या आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.

राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर किंवा तारीख न घातलेल्या मजकुरावर सही मुळीच करू नका. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही व तारीख घालून, त्यातली एक रजिस्टर पोस्टाने पाठवायची, ही पद्धत वकीलसाहेबांनी सांगितलेल्या १९७७ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. दबाव आला त्या दिवशीच, कोणी काय म्हटले हे तारीखवार लिहून ठेवा.

सहशिक्षिका_अनुदानित :
दोघांचीही आभारी आहे. नोंद क्रमांक माझ्याकडे आहे. माझ्यापेक्षा मावशींची काळजी अधिक वाटते. त्या शाळेच्या हजेरीपटावर नाहीत, आणि जबाब ‘सौम्य’ केला तर पुन्हा कामावर घेऊ, असा निरोप त्यांना ठेकेदाराने पाठवला आहे.

वकील_जिल्हा_न्यायालय :
हा निरोप तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवण्यास एक दिवसही लावू नका, कारण खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. निरोप फोनवर आला असेल तर तो पुसू नये. साक्षीदार म्हणून त्यांना संरक्षण हवे असल्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो.

शाळेच्या पटावर नसल्यामुळे शाळा न्यायाधिकरणाचा मार्ग मावशींना सहज खुला होणार नाही. त्यांनी ठेकेदार आणि शाळा या दोघांविरुद्ध सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार द्यावी. वकिलाच्या खर्चाची चिंता त्यांनी करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. आपण स्वतः त्यांच्यासोबत जा. पहिला अर्ज लिहिताना त्यांना आपली गरज लागेल.