पात्वा इंग्रजी स्पेलिंगमध्ये का लिहायची?

मुळाक्षर:
जमैकात बोलल्या जाणाऱ्या पात्वा या भाषेला लोक 'मोडकं इंग्रजी' म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. मोडकं असतं तर कुठेही, कसंही मोडलं असतं. इथे नियम आहे. 'फेस'चा 'फिएस', 'गोट'चा 'गुओट', 'थिंग'चा 'टिंग'. मांजर म्हणजे 'कॅट'चं 'क्याट' आणि खाट म्हणजे 'कॉट'चं 'काट', हे तर बघाच! इंग्रजीत हे दोन शब्द स्वरावरून ओळखू येतात. पात्वात तो स्वर एकच झाला, तेव्हा फरक सांभाळला 'क' आणि 'क्य' यांनी. भाषाशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॅसिडींनी १९६१ साली जसा उच्चार तशी अक्षरं असलेली लेखनपद्धती मांडली. तीच शाळेत शिकवायला हवी.

सह्याद्रीकाठ:
नियम मान्य. पण 'क्य' अठराव्या शतकातल्या इंग्रजांच्या तोंडीही होता, तो तिथलाच वारसा. आणि प्रत्येक उच्चार कागदावर कशाला हवा? आपण 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन्ही एकाच 'ज'ने लिहितो. कोण अडतं? लंडनला आमच्या शेजारच्या जमैकन आजींना २०१२ सालचा पात्वातला बायबलचा नवा करार वाचायला दिला. पहिल्या ओळीतच अडखळल्या. म्हणाल्या, इंग्रजीतला दे.

मुळाक्षर:
आजींना शाळेत ती अक्षरं कुणी शिकवलीच नाहीत, मग अडखळणारच. 'ज' आपण पहिलीपासून गिरवतो. आणि पात्वात 'क्यान' म्हणजे जमतं, तर 'क्याऽन', स्वर लांब आणि नाकातून, म्हणजे जमत नाही. होकार-नकाराचा फरक एका स्वरावर टांगलेला असताना तो लिहायचा नाही?

तिरफळ:
माझी आजी स्टेशनला 'ठेसन' आणि ऑफिसला 'हापिस' म्हणायची. पात्वात 'स्टँड'चं 'टान' होतं, अंड्याच्या 'एग'चं 'हेग'. तोच सुरुवातीचा 'स' गळतो, तोच 'ह' चिकटतो. आजीच्या मराठीला आम्ही कधी मोडकं म्हटलं नाही.

सह्याद्रीकाठ:
मोडकं मीही म्हणत नाही हो, तिरफळ. माझी अडचण वेगळी आहे. आमच्या शेजारच्या त्याच जमैकन आजी भाजीवाल्याशी 'टिंग' म्हणतात आणि डॉक्टरांसमोर 'थिंग'. मधल्या पायऱ्याही आहेतच. पुस्तकात यातला कुठला उच्चार छापायचा, आणि ते ठरवणार कोण?

मुळाक्षर:
भाजीवाल्याशी बोलतात तो. डॉक्टरांसमोरच्या उच्चाराला इंग्रजीची पुस्तकं आहेतच की.