नणंद-भावजय डबल्स: आमचा वेळ नेमका कुठे सांडतोय?

घोडबंदरची_वहिनी

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, वय ३८, वजन ७१, दिवसभर खुर्चीत बसून नोकरी. माझी नणंद २९ची, वजन ४८, येऊरचा चढ हसत-गप्पा मारत चढणारी. आम्ही दोघींनी हायरॉक्स या फिटनेस शर्यतीचं विमेन्स डबल्स केलं. १ तास ३४ मिनिटं ४० सेकंद. पुढच्या वेळी दीड तासाच्या आत यायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १ किलोमीटर धावायचं, मग एक स्टेशन, म्हणजे व्यायामाचं एक ठरलेलं काम, असं आठ वेळा. डबल्समध्ये धावायचं दोघींनी सोबत, स्टेशनचं काम मात्र हवं तसं वाटून घ्यायचं.

आमचा हिशेब असा: धावणं ५०:४०, स्टेशनं ३६ मिनिटं, आणि रॉक्सझोन, म्हणजे ट्रॅकवरून स्टेशनवर जायची-यायची जागा, तिथे ८ मिनिटं. किलोमीटरवार वेळ ५:३०, ५:५०, ६:००, ६:१५, ६:३०, ६:३५, ६:४०, ७:२०. एरवी मी उपवनला धावते तेव्हा किलोमीटरला सहा मिनिटं लागतात. नणंद सव्वापाचवाली. पहिल्या किलोमीटरला ती पुढून "वहिनी, चल ना गं" करत होती आणि मी वेड्यासारखी तिच्यामागे. आठव्याला तीच मागे वळून बघत होती आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

स्टेशनं आम्ही फिट्टंफाट वाटली. सगळं अर्धं-अर्धं, म्हणजे नंतर घरात बोलायला नको. रोइंग मशीनचे १००० मीटरही २५०-२५० करून चार तुकड्यांत. तिथे माझा बूट पट्ट्यात अडकला. मी ओढतेय, पट्टा सुटत नाही, ही बाजूला उभी राहून नाचतेय. शेवटी बूट तिथेच ठेवून पाय काढला आणि तिने तो बूट उपसून माझ्याकडे फेकला. त्या बदलालाच निदान २० सेकंद गेले असतील, आणि असे तीन बदल. वॉल बॉल, म्हणजे खाली बसून उठत चेंडू भिंतीवर मारायचा, ते २५-२५ केले, माझ्या दुसऱ्या पंचवीसमध्ये खाली पुरेसं न बसल्यामुळे नो-रेप, म्हणजे न धरलेले, किती मिळाले ते मोजलंच नाही.

जिममधल्या सरांना विचारलं तर म्हणाले, ताकद वाढवा. दोघींना एकच कागद दिला, तोच व्यायाम, तीच वजनं. मला ते काही पटत नाही. तुम्ही काय म्हणाल?

नेरूळकर_पहाटे५

ताई, कागद फाडा. तुमचे आकडेच सगळं बोलतायत. सहा मिनिटांवाल्या बाईने साडेपाचने सुरुवात केली, मग आठवा ७:२० नाही तर काय होणार? मी पाम बीच रोडवर हीच चूक दर रविवारी करणारे शंभर जण बघतो.

वेग हळू धावणारीचा. हा नियम घरी आधी मान्य करून घ्या, ट्रॅकवर चर्चा नको. सगळे किलोमीटर ६:१०च्या आसपास ठेवलेत तर ४९:२० होतात, म्हणजे १ मिनिट २० सेकंद तिथेच सुटतात. तुम्ही स्टेशनवर धापा टाकत पोचणार नाही हा फायदा वेगळा.

दुसरं. तुमच्या वेगाने धावताना तुमच्या नणंदेला दम लागतच नाही. ती ताजी, तुम्ही पिळून निघालेल्या. मग अर्धं-अर्धं कशासाठी? साठ टक्के काम तिला द्या.

(अवांतर: हा प्रकार २०१७ साली जर्मनीत सुरू झाला. सुरू करणाऱ्यांपैकी एक मोरित्स फ्युर्स्टे, जर्मनीचा हॉकीपटू, २००८ आणि २०१२चं ऑलिम्पिक सुवर्ण. आपल्या हॉकी इंडिया लीगमध्येही खेळून गेलाय. सांघिक खेळातला माणूस, तो डबल्समध्ये फिट्टंफाट करा म्हणणार नाही.)

कोलशेतची_काकू

नेरूळकर, धावण्याचं पटलं. साठ टक्के सरसकट द्यायचं मात्र नाही पटलं. ४८ किलोची मुलगी, विमेन्स डबल्सची पुश स्लेड, म्हणजे ढकलायची घसरगाडी, सगळं मिळून १०२ किलोची, आणि खाली कार्पेट. तिचे पाय मागे घसरणार आणि स्लेड जागेवर. तिथे दम नाही, अंगाचं वजन लागतं. वहिनी, स्लेड तुमची. चार फेऱ्या असतात साडेबारा मीटरच्या, तीन तुम्ही, एक तिने, आणि तीही मधली. स्लेड ओढायचं स्टेशनही तसंच. बर्पी (जमिनीवर आडवं होऊन उठून उडी) आणि लंजेस (गुडघा टेकवत पावलं टाकणं) हे तिचं राज्य, तिथे तिला सत्तर टक्के द्या आणि तुम्ही श्वास घ्या.

मी ५१ची आहे, धाकट्या बहिणीबरोबर करते, त्यामुळे हे भांडण आमच्याकडे होऊन गेलंय.

आता रोइंग. एकच बदल करा. आधी तुम्ही ५००, मग ती ५००. जिची पाळी नाही तिने उभं राहून नाचायचं नाही, गुडघ्यावर बसून पट्टे सैल करायचे. स्की मशीनवर उलट, तिथे पट्टे नाहीत, बाजूला सरकलं की झालं, म्हणून तिथे शंभर-शंभर मीटरला बदला. आणि मशीनचा तो बाजूचा खटका दहावर ठेवत असाल तर खाली आणा, पाचाच्या आसपास. दहा म्हणजे वेग नव्हे. आत जास्त हवा जाते आणि प्रत्येक ओढ जड होते, एवढंच.

वॉल बॉल पंधरा-पंधराचे करा. नो-रेप हा दमाचा प्रश्न असतो, मांड्यांचा नंतर.

रॉक्सझोनचे ८ मिनिटं बघून मात्र मी कपाळावर हात मारला. काय करत होतात तिथे?

घोडबंदरची_वहिनी

काकू, खरं सांगू? पाणी पीत होतो. आणि "आता काय आहे गं?" असं एकमेकींना विचारत होतो. एकदा चुकीच्या बाजूला वळलो.

नेरूळकर_पहाटे५

शेवटच्या वॉल बॉलनंतर थेट फिनिश, म्हणजे रॉक्सझोन ओलांडणं पंधरा वेळा. दर वेळी १० सेकंद वाचले तर अडीच मिनिटं. धावण्याचे १:२०. रोइंगचे तीन बदल साठ सेकंदांचे होते, एकच बदल दहात केलात तर ५० सेकंद. एकूण ४:४०. म्हणजे ९० मिनिटं बरोबर. दीड तासाच्या "आत" यायला एक सेकंद कमी पडतोय, तो तेवढा तुमचा तुम्ही शोधा. काकूंचं स्लेडचं म्हणणं मान्य.

घोडबंदरची_वहिनी

तीन आठवड्यांनी लिहितेय. नणंदेला हा धागा वाचून दाखवला. आधी फुगली, "म्हणजे मी राबायचं आणि तू श्वास घ्यायचास?" मग स्लेडचं वाचल्यावर गप्प झाली, कारण मागच्या वेळी ती खरंच तिथे लोटांगण घालायच्या बेतात होती.

रोइंग एका बदलात करून पाहिलं. दोघींचं मिळून ५:०४. रेसमध्ये ६:०२ लागले होते. काकू, गुडघ्यावर बसून पट्टा सैल करणं हे सोनं आहे. उपवनला आता ती माझ्या डाव्या खांद्यामागे धावते, पुढे नाही. सुरुवातीला तिला ते फारच जड गेलं, सारखी घड्याळ बघायची. आता मला मागून बातम्या ऐकवत येते.

लंजेसची सँडबॅग जमिनीला न टेकवता खांद्यावरून खांद्यावर द्यायची, त्याचा सराव कुठे करणार? विमेन्सची बॅग १० किलोची, आणि आमच्याकडे कोलमची १० किलोची गोणी होतीच. हॉल ते स्वयंपाकघर, एक पाऊल, गुडघा टेकवायचा, पुढचं पाऊल, वळून हिच्या खांद्यावर. रात्री साडेदहाला. चौथ्या फेरीला सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "शिवण उसवली तर निवडायला दोघीच बसाल."

आता गोणीवर जुनी उशीची खोळ चढवली आहे.