‘जोड्या लावा’मधली पुस्तकं यंदा खरोखर वाचली, आता पुढे काय?

गट_क_वाला (सांगोला)

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडी पार्श्वभूमी.

स्पर्धा परीक्षेच्या नादात काही वर्षं पुण्यात, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढली. तिथे मराठी साहित्य म्हणजे सामान्य ज्ञानाच्या वहीतलं एक पान. डावीकडे पुस्तक, उजवीकडे लेखक, जोड्या लावा. काजळमाया – जी. ए. कुलकर्णी. रथचक्र – श्री. ना. पेंडसे. पैस – दुर्गा भागवत. मराठीतली ज्ञानपीठं चार: खांडेकर 1974, कुसुमाग्रज 1987, विंदा 2003, नेमाडे 2014. झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही. यातलं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. आत काय आहे ते परीक्षेत कुठे विचारतात?

मग कनिष्ठ सहायक म्हणून लागलो आणि नेमणूक सांगोल्यात मिळाली. खोलीवर टीव्ही नाही, ऑफिस सुटल्यावर करायचं काय? वाचनालयात नाव घातलं आणि ठरवलं, यंदा ते पानच वाचून काढायचं. यावर कुणी मार्क देणार नाही, एवढीच अट.

पहिली घेतली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, कारण त्यांचं माडगूळ इथून लांब नाही, शेजारच्या आटपाडी तालुक्यात. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. शाळेत पोरं नाहीत, मेंढरामागं गेलेली. तो हळूहळू पत्र लिहून देणारा, भांडण मिटवणारा, सगळ्यांचा माणूस होऊन बसतो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसं तर अजून माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहतात, फक्त हातात आधार कार्ड असतं. तालीम बांधून होते, राजा येऊन जातो, आणि मग पाऊस दगा देतो. दुष्काळावर निबंध लिहायची मला इतकी सवय, की पान उलटताना डोकं आपोआप ‘कारणे, परिणाम, उपाययोजना’ शोधायला लागलं. माडगूळकर तसलं काही देतच नाहीत. मेंढरं मरतात, माणसं एकेक करून निघून जातात, मास्तरही निघतो. संपलं. आता या भागात टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा आहेत, आणि माझ्याकडे रोजगार हमीतल्या विहिरींच्या फायली असतात. ती फाईल उघडल्यावर नाव-गाव-गट नंबराच्या पुढचं काहीतरी दिसायला लागलंय, म्हणजे नक्की काय ते सांगता येत नाही.

मग माडगूळकरांचीच ‘सत्तांतर’. साहित्य अकादमी, 1983, एवढं पाठ. अभ्यासिकेतल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात ती मंत्रालयातली भानगड होती. ती आहे वानरांच्या टोळीची गोष्ट! नवा नर जुन्या म्होरक्याला हुसकावतो, मग पिल्लांची जी दशा होते ती वाचताना मी चहा तसाच ठेवला. एका बैठकीत संपते, जरूर वाचा.

‘स्मृतिचित्रे’ने वेळ खाल्ला, पण वर्षातला सगळ्यात जास्त आनंद तिथेच. आमच्या नोट्समध्ये ‘ना. वा. टिळक, धर्मांतर 1895’ ही एक ओळ होती. त्या ओळीच्या मागे लक्ष्मीबाई आहेत, लहानग्या दत्तूला घेऊन नवऱ्यापासून वेगळ्या राहिलेल्या, रडणाऱ्या, भांडणाऱ्या आणि ते सगळं सांगताना स्वतःचीच थट्टा करणाऱ्या. टिळक न सांगता घरातून कधी निघून जातील याचा नेम नाही, आणि ही बाई त्यावर अशी काही बोलते की मेसमध्ये जेवताना हसू आवरेना, समोरच्याला वाटलं फोनवर रील बघतोय.

बाकीचं थोडक्यात. ‘काजळमाया’तली एक कथा वाचली की दुसरी लगेच वाचवत नाही, त्यामुळे ते पुस्तक दोनदा मुदत वाढवून घेतलं. खांडेकरांची ‘ययाति’ निम्म्यात सोडली. त्यात सगळेच फार सुंदर बोलतात. ज्ञानपीठवाल्यांनी माफ करावं.

आता प्रश्न. ते पान संपत आलंय. यादी नसताना पुस्तक निवडतात कसं? कपाटापुढे उभा राहिलो की हात ओळखीच्या नावाकडेच जातो. आणि दुसरं, पेन्सिल हातात नसली तरी डोक्यात अधोरेखित करणं चालूच राहतं. ‘यावर प्रश्न येऊ शकतो.’ हे कधी जातं का?

ठाण्याची_मावशी

अरेतुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल.

तुझ्या पानावर दुर्गाबाईंच्या नावापुढे ‘कराड, 1975’ सुद्धा असणार. संमेलनाच्या अध्यक्ष, आणि आणीबाणी असताना तिच्याविरुद्ध उघड बोलल्या. त्याच बाईंचं ‘ऋतुचक्र’ घे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक लेख, झाडं, पाखरं, आभाळ. मी यंदा नियम केला की ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, वैशाखात ज्येष्ठ उघडायचा नाही. लेख संपतो अर्ध्या तासात आणि मग पुढे सबंध महिना वाचायला काही नाही, त्यामुळे आपसूक बाहेर बघितलं जातं. इतकी वर्षं इथे राहून आमच्या गल्लीत सोनमोहोर किती आहेत ते मला या वैशाखात कळलं. तुझ्या त्या अधोरेखनाला यावर काय करता येतंय बघू. अधिक मासात काय करायचं ते मात्र दुर्गाबाईंना विचारायला हवं होतं.

‘ययाति’बद्दल तुझं-माझं जमणार नाही. आम्ही कॉलेजात रडलोय त्यावर.

रद्दीतला_खजिना

लेख आवडला, पण एक स्पष्ट बोलू? तुम्ही आनंदासाठी वाचलं नाही. तुम्ही तोच पेपर पुन्हा सोडवला, या वेळी वर्णनात्मक.

पुढचं वर्ष यादीच नको. वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असते, एकदा पैसे भरायचे आणि अंक बदलत राहायचे. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला हे तुम्हाला पाठ असेलच, आता अंक वाचा. त्यात कथा असते, कुणाच्या तरी प्रवासाचं कौतुक असतं, राशिभविष्य असतं, तेलाच्या जाहिराती असतात. निम्मं टाकाऊ निघतं. टाकाऊ कुठलं ते स्वतः ठरवायला लागलात की निवड कशी करायची ते कुणाला विचारावं लागणार नाही.

डिचोलीची_बाई

मी शाळेत शिकवते, म्हणून पेन्सिलीच्या बाजूने दोन शब्द. खुणा करा की! फक्त परीक्षेत येईल म्हणून नको, वाचताना ज्या वाक्याला हसलात तिथे करा. माझ्या ‘स्मृतिचित्रे’च्या प्रतीत समासात नुसते ‘हा हा’ आहेत. पुस्तक वाचनालयाचं असेल तर अर्थातच हात आवरा.

कट_ऑफ_चा_बळी

दादा, सत्तांतर वानरांवर आहे??? मी तर राजकीय कादंबऱ्यांच्या यादीत टाकली होती. आत्ता वही दुरुस्त केली.

तुमचा स्कोअर किती होता ते पण सांगा ना. आणि मेस कुठली लावली होती पेठेत?

गट_क_वाला (सांगोला)

मावशी, ‘ऋतुचक्र’ इथल्या नोंदवहीत आहे पण कपाटात सापडत नाही. ग्रंथपाल काका म्हणाले, कुणीतरी नेलंय, येईल. कुणी ते विचारल्यावर रजिस्टर मिटलं. ‘ययाति’ पुन्हा उघडून बघतो, तुम्ही रडलात त्या पानापर्यंत तरी.

खजिना सर, लागलं, पण खरं आहे. योजनेचे पैसे भरले आज. निवडायला वेळ लावत होतो तर काकांनी स्वतःच एक अंक हातात कोंबला आणि दिवा मालवायला घेतला. त्यात तुळजापूरच्या वाटेवरच्या जुन्या विहिरींवर एक लेख आहे, तोच आधी वाचला. विहिरी काही पाठ सोडत नाहीत.

बाई, ‘हा हा’ची युक्ती घेतली. स्वतःची प्रत मागवतोय.

कट ऑफ, स्कोअर आणि मेस दोन्ही निरोपात कळवतो. वाचायला वेळ नाही म्हणशील, तरी ‘झाडाझडती’ घे. विश्वास पाटील, धरणग्रस्तांवर, अकादमी 1992. पुनर्वसनावर प्रश्न आला तर मुद्दे पण मिळतील. बघ, लिहिलंच शेवटी.