वाफेचा बंब, सोड्याचा बंब आणि एक घोळ

धागाकर्ती

मंडळी, एका शब्दापाशी अडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका अमेरिकन शहराचं वर्णन मराठीत आणते आहे. त्यात गोदामाला आग लागते आणि घोडे जोडलेल्या दोन गाड्या धावत येतात. आधी येते ती 'केमिकल इंजिन', मागून धूर सोडत येते ती 'स्टीमर'. स्टीमर म्हणजे इथे बोट नव्हे, एवढं घोड्यांवरून कळलं. केमिकल इंजिनासाठी घरातला जुना जाडजूड कोश काढला. त्यात अर्थ आहे: 'आग विझविण्यासाठी रसायने फवारणारा वाफेचा बंब'.

आता वाफेचा बंब जर केमिकल इंजिन असेल, तर मागून आलेली ती दुसरी गाडी कोण? मी तूर्त पहिलीला 'रासायनिक अग्निशामक बाष्पयंत्र' असं लिहून ठेवलं आहे. मुलाने वाचलं आणि म्हणाला, "आई, एवढं म्हणेपर्यंत घर जळून जाईल."

सांगलीकर

मुलाचं बरोबर आहे ताई. 'बंब' हा घरचा शब्द असताना बाष्पयंत्र कशाला हवं? वर्तमानपत्रात अजूनही 'चार बंब घटनास्थळी दाखल' असंच येतं. तिथे बंब हे आगीचं मोजमापच झालंय. दोन बंबांची आग असली तर आपण पान उलटतो, दहा बंबांची असली तर वाचतो.

पण लहानपणी या शब्दाने माझी फार फसगत केली होती. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधोमध उभी नळी, तळाला जाळी. वरून बंबफोड टाकायची, खालून राख ओढायची. नळीभोवती पाणी. नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत पाणी बाहेर. घरात पहिली आंघोळ आजोबांची, तोवर नळीतला जाळ असा घुमायचा की दाराबाहेरून ऐकू यावा. आणि मोठी माणसं म्हणायची, 'आग लागली, बंब बोलवा'. मला वाटायचं, गल्लीतले लोक आपापल्या न्हाणीतला बंब खांद्यावर घेऊन धावतात. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हणही मी त्याच अर्थाने समजून बसलो होतो: रामेश्वरला आग, बंब मात्र सोमेश्वराच्या न्हाणीत.

पाणी तापवणारा आणि आग विझवणारा, दोघांना एकच नाव कसं, हे मला आजही नीट उलगडलेलं नाही.

म्हापशेकर

उलगडा पोर्तुगीजात आहे. 'बोंबा' म्हणजे पंप. बाँबगोळ्यालाही तोच शब्द, तो भाग वेगळा. आग विझवणारा तो 'बोंबेइरु', आणि पोर्तुगालमध्ये पेट्रोल पंपालाही 'बोंबा'च म्हणतात. हाच शब्द मराठीत बंब झाला. गुजरातीत 'बंबो'. तिथेही आगीचा आणि न्हाणीचा असे दोन्ही अर्थ आहेत. मुंबईत नळबाजाराकडे 'बंबाखाना' म्हटलं की जुनी माणसं फायर स्टेशनाकडे बोट दाखवतात.

मुळात अर्थ फक्त पंप, म्हणजे पाणी ढकलणारं भांडं. एक भांडं पाणी आगीवर ढकलतं. दुसऱ्यात गार पाणी ओतलं की ते कढत पाण्याला तोटीबाहेर ढकलतं. सांगलीकरांनी नरसाळ्याचं वर्णन केलं त्यातच उत्तर आहे, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, पण मला पटलेला.

क्वालालंपूरहून

एक गंमत म्हणून सांगते. मलेशियात अग्निशमन दलाचं सरकारी नावच 'बोंबा' आहे. गाड्यांवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं. आमच्याकडे सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ते वाचून म्हणाल्या, "आग लागल्यावर बोंबा मारायच्याच असतात, पण त्यासाठी गाडी?"

निवृत्त फायरमन

शब्दांचं तुम्ही विद्वान बघा. यंत्राचं मी सांगतो, कारण कोशातल्या त्या एका ओळीत दोन यंत्रं चिकटली आहेत. ताईंच्या लेखकाने बरोबर लिहिलंय. गाड्या दोनच.

स्टीमर म्हणजे वाफेवर चालणारा पंप. लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ साली पहिला बनवला. त्याच वर्षी याच जोडीने 'नॉव्हेल्टी' नावाचं रेल्वे इंजिन रेनहिलच्या चढाओढीत उतरवलं होतं. हा पंप तासाला तीस-चाळीस टन पाणी फेकायचा. १८३० च्या फेब्रुवारीत तिथल्या आर्गाइल रूम्स या सभागृहाला आग लागली. थंडी अशी की हातपंप गोठून बसले, हा मात्र पाच तास चालू राहिला. तरीही लंडनच्या दलाने पुढे कितीतरी वर्षं तो जवळ केला नाही. मोठ्या हातपंपाच्या दांड्यांना वीस-पंचवीस माणसं लागायची आणि ती रस्त्यावरूनच गोळा करायची. पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढे तासाला सहा पेनी आणि वर बिअर. बिअर संपली की दांडे थांबत आणि 'बिअर हो!' असा घोष सुरू होई. वाफेला बिअर लागत नाही, हा त्या यंत्राचा मोठा गुण. अमेरिकेत सिनसिनाटी शहराने १ एप्रिल १८५३ पासून पगारी दल उभं केलं ते वाफेच्या पंपाच्याच जोरावर. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच महिन्यात.

दोष एकच: वाफ धरायला वेळ लागतो. म्हणून भट्टीत सुकी फोड आधीच रचून ठेवत आणि स्टेशनाबाहेर पडतानाच पेटवत. घोडे धावले की वारा लागून जाळ धरायचा. बॉयलरमधलं पाणी स्टेशनातच कोमट ठेवत. एवढं करूनही चांगली वाफ यायला दहा मिनिटांच्या आसपास जात. आणि आगीची पहिली दहा मिनिटं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. ती दहा मिनिटं भरून काढायला केमिकल इंजिन होतं. हलकी गाडी, भट्टी नाही, बॉयलर नाही. गेली की लगेच फवारा सुरू. म्हणून ती ताईंच्या मजकुरात आधी पोचते.

स्टीमरमधून रसायन मारत नसत. नदी, हौद, हायड्रंट, जिथे मिळेल तिथलं साधं पाणी तो ओढायचा. लोकांना मात्र गाडीत काहीतरी औषध असतं असं फार वाटतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, आमच्या दलाची ६६ माणसं गेली. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. सप्ताहात शाळांत जायचो तेव्हा पोरं हमखास विचारायची, "काका, बंबात काय असतं?" मी म्हणायचो, "पाणी." पोरं हिरमुसायची.

धागाकर्ती

काका, फार उपकार झाले. पण भट्टी नाही, बॉयलर नाही, तर पाणी ढकलायचं कोण? 'केमिकल' म्हणताय म्हणजे रसायन कुठेतरी असणारच ना?

रसायनवाल्या बाई

हे मी सांगते, वीस वर्षं आठवीला शिकवलंय. टाकीत पाणी, पाण्यात विरघळलेला खाण्याचा सोडा. टाकीच्या वरच्या अंगाला बाटलीत गंधकाम्ल. कळ फिरवून बाटली उलटी केली की आम्ल सोड्यात पडतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. टाकी बंद, वायूला जागा नाही. तो पाण्याच्या उरावर बसतो आणि पाणी नळीतून बाहेर पडतं. एक किलो सोड्यातून, शून्य अंश तापमानाला आणि साध्या हवेच्या दाबाला मोजला तर सुमारे २६५ लिटर वायू निघतो. तेवढा टाकीच्या माथ्यावरच्या वीतभर पोकळीत कोंबला, तर दाब किती होईल याचा अंदाज करा.

म्हणजे कोशकारांची खरी चूक 'फवारणारा' या शब्दात आहे. इथे रसायन फवारलं जात नाही, रसायन फवारतं. आगीवर पडतं ते मुख्यतः पाणीच, त्यात विरघळलेलं थोडं सोडियम सल्फेट. वायूनेही आग विझते असं विकणारे त्या काळी मोठ्या तोंडाने सांगत. पण उघड्यावर तो एवढासा वायू काय करणार? विझवतं ते पाणी.

जुन्या सिनेमाघरांत भिंतीवर लाल शंकू टांगलेले असायचे, ते याच जातीचे. उलटा धरायचा आणि टोकाची मूठ जमिनीवर आपटायची. आमच्या प्रयोगशाळेत एक होता. तो आपटून बघायची परवानगी मला नोकरीत कधीच मिळाली नाही.

निवृत्त फायरमन

बाईंनी नेमकं सांगितलं. मोठ्या गाड्यांवर दोन टाक्या असत. एक चालू असताना दुसरीत सोडा-आम्ल भरायचं, म्हणजे धार तुटत नाही. मोटारी आल्या, इंजिनाच्याच जोरावर पंप फिरायला लागला, तेव्हा १९२०-३० च्या सुमारास या टाक्या हळूहळू गेल्या.

आता खरंच फवारायची रसायनं वेगळी. तेलाच्या आगीला फोम, विजेच्या किंवा गॅसच्या आगीला ड्राय पावडर. फोम टेंडर ही आमच्याकडे वेगळीच गाडी असते. कोशातली व्याख्या एखाद्या गाडीला बसवायचीच तर हिला बसवा. फक्त तिच्यात वाफ नाही.

आणि एक: स्टेशनात आम्ही बंब म्हणत नाही, 'गाडी' म्हणतो. 'वर्दी आली, दोन गाड्या सोडा.' बंब तुमचा, पत्रकारांचा.

पुणेकर

'अग्निशामक'वर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दल 'अग्निशमन'च. शमन ही क्रिया, शामक म्हणजे शमवणारा. यंत्र अग्निशामक असेल, दल अग्निशमन करतं. पाट्यांवर दोन्ही सापडतात हा आपला ढिसाळपणा.

सांगलीकर

दलही शमवणारंच की हो! मग 'अग्निशामक दल' चुकलं कुठे? असो, हा वाद विझणारा नाही. कोणी बंब पाठवा.

एक कोशवेडा

मला 'फायर इंजिन' या मूळ शब्दाबद्दल सांगायचंय. आज तो ऐकला की आग विझवणारी गाडी डोळ्यासमोर येते. अठराव्या शतकात मात्र तोच शब्द आगीवर चालणाऱ्या यंत्रालाही होता. न्यूकमेनने १७१२ साली खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं यंत्र उभं केलं, त्याला लोक फायर इंजिन म्हणत. जेम्स वॉटच्या १७६९ च्या पेटंटाचं शीर्षकच 'फायर इंजिनांतील वाफेचा व जळणाचा खप कमी करण्याची रीत' अशा अर्थाचं आहे. आजच्या वाचकाला वाटेल, वॉट अग्निशमन दलाचा खर्च वाचवत होता.

आता मराठीत बघा. आगगाडी म्हणजे आगीवर चालणारी गाडी. आगबोटही तशीच. 'आग' पुढे चिकटली की अर्थ 'आगीच्या जोरावर'. पण आगीच्या बंबात 'ची' आली आणि अर्थ उलटला: आगीवर घालायचा बंब. कोणी 'आगबंब' असा समास केला असता तर तो वाफेवर चालणारा पंप झाला असता, म्हणजे नेमका स्टीमर. कोणी केला नाही, आणि आता करूही नये, लोक हसतील.

स्टीमर मला यासाठीच आवडतो. सांगलीकरांचे दोन्ही बंब त्याच्या एका अंगात आहेत. आत फोड पेटलेली, भोवती पाणी तापतंय, हा न्हाणीघरातला बंब. बाहेर नळीतून आगीवर धार, हा म्युनिसिपालिटीचा बंब. तेव्हा ताई, 'वाफेचा बंब' हे नाव बिनदिक्कत स्टीमरला द्या. कोशाने ते चुकीच्या गाडीला लावलंय.

धागाकर्ती

मग केमिकल इंजिनाला? 'रासायनिक बंब' लिहिलं की वाचकाला पुन्हा औषध फवारल्यासारखं वाटणार. बाईंचं ऐकल्यावर वाटतं, नाव ढकलणाऱ्यावरून द्यावं. वाफ ढकलते तो वाफेचा बंब, सोडा ढकलतो तो सोड्याचा बंब. वाक्य असं केलंय:

'घंटा बडवत आधी सोड्याचा बंब आला. दोघांनी उडी मारून नळी सोडली, तिसऱ्याने कळ फिरवली आणि पाण्याची बारीक, जोरकस धार खिडकीत शिरली. कोपऱ्यावरून वाफेचा बंब वळत होता. त्याच्या धुराड्यातून ठिणग्या उडत होत्या आणि घोड्यांच्या तोंडाला फेस आला होता.'

पुणेकर

वाक्य चांगलं आहे. पण 'सोड्याचा बंब' वाचून लोकांना गोटी सोडा आठवेल.

रसायनवाल्या बाई

आठवू द्या की. बाटली फोडल्यावर जो फसफसून वर येतो, तो हाच वायू.

निवृत्त फायरमन

ताई, एक दुरुस्ती. कळ फिरवणारा गाडीवरच असतो, तो उतरत नाही. 'दोघांनी उडी मारून नळी सोडली, वर राहिलेल्याने कळ फिरवली' असं करा.

धागाकर्ती

केलं, काका.