३०१८ वर पीसीबी मिलिंग: उजवीकडे तांबं कापत नाही, डावीकडे ट्रॅक उडतात

ठिबक_कंट्रोलर
नमस्कार मंडळी, नाशिकहून विचारतोय. द्राक्षबागेतल्या ठिबकच्या सहा व्हॉल्व्हसाठी कंट्रोलर बोर्ड (पीसीबी) ३०१८ या छोट्या सीएनसी मशीनवर तांबं कोरून, म्हणजे मिल करून बनवतोय. माप १०० × ७० मिमी, १.६ मिमीचा ग्लास इपॉक्सी, तांबं एकाच बाजूला. बिट ३० अंशांचा व्ही, टोक ०.१ मिमी. खोली ०.१, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) ३०० मिमी/मिनिट. किकॅडमध्ये (बोर्डचं डिझाइन) ट्रॅक ०.४ आणि गॅप ०.३ ठेवलाय. फ्लॅटकॅममध्ये (बिटाचा मार्ग काढणारं सॉफ्टवेअर) टूल डायमीटर ०.१ टाकलाय, मशीन कॅन्डल या प्रोग्रॅमवरून चालवतो.

डावीकडचा भाग सुरेख येतो. उजवीकडे नुसता ओरखडा उठतो, मल्टिमीटर बीप देतोच, म्हणजे शेजारचे ट्रॅक जोडलेलेच. खोली ०.२ केली की उजवीकडे जमतं, पण डावीकडचे ट्रॅक दोऱ्यासारखे होतात आणि दोन-तीन बोर्डांत टोक तुटतं. झेड शून्य (खोली जिथून मोजायची ती पातळी) बिटाखाली कागद सरकवून घेतो. चांगला बिट घ्यावा का?

झेड_शून्य
भाऊ, बिटावर पैसे घालू नका. तुमचा बोर्ड सपाट नाही, एवढंच.

नेहमीच्या बोर्डवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन असतो, म्हणजे ०.०३५ मिमी. ३०१८ चा बेड, वरचा एमडीएफ आणि बोर्डचा स्वतःचा बाक मिळून शंभर मिमीत ०.२ ते ०.३ चा फरक सहज पडतो. त्यात झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड. ती जाडी वजा केली नाही तर ०.१ खोलीला बिट तांब्याला जेमतेम टेकतो.

आता ट्रॅक का बारीक होतात ते बघा. व्ही बिटाच्या कापाची रुंदी म्हणजे टोक + २ × खोली × टॅन (अर्धा कोन). ३० अंशांना टॅन १५ = ०.२६८. खोली ०.१ असेल तर काप ०.१५४. डावी बाजू ०.१५ ने उंच आहे असं धरा, तर ०.२ च्या प्रोग्रॅमला तिथे खरी खोली ०.३५ आणि काप ०.२८८. फ्लॅटकॅमला तुम्ही ०.१ सांगितलंय, त्यामुळे ट्रॅकच्या दोन्ही कडांतून ०.०९४ जास्त खाल्लं जातं. ०.४ चा ट्रॅक ०.२१ वर येतो.

उपाय हाइटमॅप, म्हणजे बोर्डची उंची ठिकठिकाणी मोजून त्याप्रमाणे खोली जुळवून घेणं. कंट्रोलरवर प्रोबची पिन असते (उनोवर ए५). एक वायर बिटाला, दुसरी तांब्याला. तांबं आधी हिरव्या घासणीने लख्ख करा, काळपट थरावर संपर्क लागत नाही. प्रोब सुरू करण्याआधी वायर हाताने बोर्डला टेकवा आणि ग्रबलच्या (कंट्रोलरमधलं फर्मवेअर) स्टेटसमध्ये 'पीएन' पुढे 'पी' येतो का पाहा. ही पायरी कधीही गाळू नका, कारण क्लिप सुटलेली असेल तर बिट सरळ बोर्डमध्ये घुसतो. प्रोबचा फीड ३० ठेवा. दर १० मिमीला एक बिंदू, म्हणजे तुमच्या बोर्डला ११ × ८ = ८८ बिंदू. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) सुरू करण्याआधी क्लिप काढा!

मॅप लावल्यावर खोली ०.०८, टूल डायमीटर ०.१५, पास (फेऱ्या) दोन. मधे बिट बदलला तर मॅप पुन्हा नको, पण पहिल्यांदा झेड शून्य जिथे घेतलं त्याच एक्स-वायला पुन्हा घ्या.

कॉलेट११
वरच्या उत्तराला जोड. टोक तुटण्यामागे फीडही आहे. हा बिट आणि स्पिंडलची ७७५ मोटर यांना ग्लास इपॉक्सीत १०० ते १५० पुरे. स्पिंडल पूर्ण वेगाने फिरतोय ना तेही बघा: ग्रबलच्या $३० सेटिंगला (कमाल वेग) १०००० असेल आणि जी-कोडमध्ये (मशीनला दिलेल्या आज्ञा) वेग एस१००० असेल तर मोटरला दहा टक्केच मिळतात. कुरकुरणारा काप आणि कडेचे केस (तांब्याचे बारीक तंतू) तिथूनच येतात.

ईआर११ कॉलेट (बिट धरणारी पकड) काढून आतली धूळ पुसा. टोक ०.०५ ने डगमगत असेल तर काप तेवढाच रुंदावतो, वरचं सगळं गणित फसतं.

सरावाला हायलम, म्हणजे पेपर फिनोलिक घ्या. बिट कितीतरी जास्त टिकतो. काचेच्या धाग्याने कार्बाइडही झिजतं, आणि ती धूळ फुप्फुसांना वाईट. एन९५ मास्क लावा, व्हॅक्यूमची नळी बिटाजवळ धरा, फुंकर मारू नका.

ठिबक_कंट्रोलर
मॅप घेतला. डाव्या-उजव्या कडेत ०.२७ चा फरक निघाला. कागदाचं तर डोक्यातच नव्हतं. $३० खरंच १०००० होतं, एस बदलला. ०.०८ खोलीला सगळे ट्रॅक सुटे झाले, मल्टिमीटर कुठेही बीप देत नाही. आता भोकं आणि बाहेरची कड. व्हॉल्व्ह २४ व्होल्टचे आहेत, पण २३० चा सप्लाय याच बोर्डवर घ्यायचा विचार आहे.

तांबेपट्टी
भोकं: आयसी आणि रेझिस्टरला ०.८, हेडरला १.०, स्क्रू टर्मिनलला १.३. पॅड १.८ च्या खाली नको, नाहीतर सोल्डर करताना उचकटतो. कडेला २ मिमीचा कॉर्न बिट, एका पासला ०.४, शेवटी चार टॅब (बोर्ड सुटू नये म्हणून न कापलेले तुकडे). टेप दुहेरी आणि सगळ्या तळाला लावा. फक्त कोपऱ्यांना लावली तर मधला भाग ड्रिलखाली दबतो.

२३० मात्र या बोर्डवर घेऊ नका. मिलिंगमध्ये ट्रॅकच्या मधलं तांबं तसंच बेट बनून राहतं, आणि दोन ट्रॅकमधलं खरं अंतर त्या बारीक चरीएवढंच उरतं. घ्यायचंच असेल तर मेन्स आणि बाकी सर्किट यांच्यात किमान ६ मिमीचा पट्टा, त्यातलं तांबं पूर्ण साफ करून. त्यापेक्षा तयार, बंद डब्यातला सप्लाय बाहेर ठेवा आणि बोर्डवर फक्त २४ येऊ द्या.

बागेसाठी आणखी एक. आपल्याकडे भुरी रोगाला गंधक मारतात आणि उघडं तांबं गंधकाने काळं पडतं. घरच्या बोर्डला सोल्डर मास्क (तांबं झाकणारा थर) नसतो. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिलने धुवा, पूर्ण वाळू द्या, टर्मिनलवर टेप लावून कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्ड झाकणारं संरक्षक लाखेसारखं आवरण) दोन हात मारा. डबा आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाणारा), केबल ग्लँड (वायर आत घेणारी सीलबंद जागा) खालच्या बाजूला.

आणि पावसाळ्यात बेडचा एमडीएफ ओल धरून फुगतो. जूनमध्ये घेतलेला मॅप जुलैत वापरू नका, दर बोर्डला नवा घ्या.